बदललेला शेवट

४ नोव्हेंबर १९७३
काष्टीजवळच्या मळ्यात माझा संसार सुरू झाला. बिजवर म्हणून मुंबईत सगळ्यांनी नाकं मुरडली, पण आमची स्वारी फार मायाळू आहे. सासूबाईंनी माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला. यांची पहिली बायको कडूबाई पाय घसरून विहिरीत पडली, तिची ही चांदीच्या पत्र्यावरची मूर्ती. दुसरीने टाक घातला की पहिली त्रास देत नाही म्हणे. मला तर तो दागिनाच वाटला!

७ नोव्हेंबर
मुंबईला शेजारच्यांच्या टीव्हीवर जिचं नाटक पाहिलं, ती खुनाची कादंबरी सोबत आणली आहे. सुनेला विहिरीत ढकलणारा घरचाच गडी, हे ठाऊक असूनही वाचायला मजा येते. पानोपानी टीव्हीतल्याच नटांचे चेहरे दिसतात. सासूबाईंना अक्षरओळख नाही, म्हणून दुपारी त्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजवत शेंगा फोडतात आणि मी मोठ्याने वाचते. लई ग्वाड वाचतीस, म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर
वाचताना त्या सुनेच्या जागी गुबगुबीत नटी दिसेना. निमुळत्या चेहऱ्याची, हनुवटीवर गोंदलेली कोणी बाई दिसली. यांना हसतहसत सांगितलं, तर हे जेवता जेवता थांबले. कडूच्या हनुवटीवर गोंदण हुतं, एवढंच बोलले.
तिचा तर फोटोही घरात नाही. मला अजिबात बरं वाटत नाहीये.

१५ नोव्हेंबर
आता गड्याचा चेहराही पुसट झालाय. ढकलणारे हात दिसतात. हातात हिरव्या बांगड्या. गडी बांगड्या कशाला भरेल? भीती वाटते. पुस्तक मिटून ठेवलं, तर सासूबाई सारख्या विचारतात, शेवट कवा वाचायचा.

१७ नोव्हेंबर
हे बैल घेऊन बाजाराला गेलेत. आले की सांगणार, मला मुंबईला पोचवा.
एकटीने शेवट वाचला. टीव्हीवाल्यांनी तो बदलला होता. पुस्तकात ढकलते ती सासू.

दुपार
सासूबाईंनी बसवलंच मला वाचायला. मी टीव्हीतला शेवट वाचला — गड्यानेच मारलं, गड्यानेच. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, खोटं वाचतीस.
एक अक्षर येत नाही त्यांना —

दारात उभ्या आहेत. काय लिवतीस ते वाच, म्हणतात. मी वाचतेय, गड्यानेच मारलं — त्या मान हलवताहेत. न्हाई, म्हणतात, खरं लिवलंस ते वाच —