त्याचे सुती शर्ट

१४ नोव्हेंबर ९३, रवि.
थंडी पडली. पिंकीला अंगावर धड पांघरूण नाही. ट्रंक उघडली तर वरच नवऱ्याचे शर्ट. मीच धुऊन, घड्या घालून ठेवलेले. आठ महिने झाले, माणूस खडोलीला कंपनीतल्या त्या पॅकिंगवालीकडे राहतो आणि मी इथे टोकरखाड्यात त्याच्या कॉलरी घासते. बस झालं. गोधडीच शिवते.

१६ नोव्हें.
शेजारच्या जसूबेननी पाहिलं. "भाभी, धणी जीवतो है ने उसका कपडा काटती है?" म्हटलं, माझ्यासाठी कुठे जिवंत आहे? संध्याकाळी विरजण मागायला आल्या.

२१ नोव्हें.
फसले. वरचे सगळे टेरिकॉटचे. कंपनीत लागल्यापासून साहेबांना सुती चालेना. कापड सरकतं, थर बसत नाही, ऊब तर नाहीच. माणसासारखंच. आठवड्याचे टाके उसवले.
तळाशी पाच सुती निघाले. धुळ्याहून इथे आलो तेव्हाचे, मऊ झालेले. कापताना रडले. मग कापले.

५ डिसें.
झाली. खाली माझी जुनी साडी, वर त्याचे तुकडे, कडेपासून आत धावदोरा. एक खिसा तसाच राहिला, पिंकी त्यात हात घालून झोपते. "आई, पप्पांचा वास येतो." येत नाही. साबणाचा येतो.

११ जाने. ९४
आला. दुपारी तीनला. मी पाणी दिलं, सवय मेली.
जरा वेळानं, खाली बघत, "तिला सातवा लागला. दाई म्हणते, बाळाले बापाचं जुनं सुती लागते, गोधडीले. माझे जुने शर्ट आहेत ना तुझ्याजवळ?"
खाटेवरची गोधडी दाखवली. बराच वेळ हात फिरवत बसला. मग म्हणतो, "हीच देऊन दे. पिंकीले मी नवी रजई आणतो."
त्या बाळाचा काय दोष, असं मनात आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
तो बाहेर ओट्यावर बसलाय. मी आत लिहितेय. पाचला शाळा सुटेल. पिंकी त्याला बघून लांबूनच पळत येईल. तिला वाटेल, पप्पा आपल्यासाठी आले.
कशासाठी आलाय ते तिला त्यानं सांगायचं, की मी?