तारेच्या आतला माळ

आबा, एकट्या बाईला डोंगरावरचा चार एकर माळ कशाला लागतो? ज्या म्हातारीकडून मी तो विकत घेतला, तिनं खरेदीखतावर अंगठा उठवण्याआधी मला हेच विचारलं. "लगीन न्हाई, लेकरू न्हाई. तितं बोलशीला कुणासंगं, वाऱ्यासंगं?" कचेरीतले सगळे हसले, मीही हसले. त्याला दीड वर्ष झालं. उत्तर मला अजून देता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. नंतरचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. दुष्काळात आईनं मेंढरं विकली आणि ती खडी फोडायला गेली. मी सांगलीला राहून बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिलीच, आणि आता तिथंच शाळेत शिकवते. कॉलेजात आम्ही काही मुली फार बोलायचो, की गरजा कमी कराव्यात, स्वतःच्या हातानं पिकवावं, विजेच्या दिव्याशिवाय जगून पाहावं. बाकीच्यांची लग्नं झाली. मी मात्र शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगरात जमीन शोधत राहिले. एस.टी.तून उतरल्यावर दीड तासाचा चढ, वर रस्ता नाही, वीज नाही, एक झरा आणि सोबतीला वारा. शेतकऱ्याशिवाय कुणाला जमीन घेता येत नाही, असं तलाठ्यानं सांगितलं तेव्हा उपयोगी पडला तो तुमचा गावाकडचा दगडाळ तुकडा, ज्यात तुम्ही कधी कुळीथसुद्धा धड पेरला नाहीत. त्याच्या सातबाऱ्यावर तुमच्यामागं आईचं आणि माझं नाव लागलेलं होतं. "कागदावर तरी तुमी शेतकरी हायसा बघा," तलाठी म्हणाला.

सुट्टी लागली की मी तिथं जाऊन राहायची. खालच्या वाडीतल्या दोघांकडून कुडाची एक खोली उभी करून घेतली. आंबा, फणस, आवळ्याची रोपं लावली, झऱ्याचं पाणी घागरीनं घातलं, आणि गुरं शिरू नयेत म्हणून चारी बाजूंनी काटेरी तार ओढली. जागा साफ करताना ऐनाच्या झाडाखाली धुरानं काळे झालेले तीन दगड निघाले. मी ते उचलून बांधात घातले. तुमची लेक असून मला ते ओळखू आले नाहीत, आबा. दर मुक्कामाला आई तशीच चूल मांडायची, आणि निघताना ती मोडायची नसते हे मला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं. एकदा मी खेळातल्या घरासाठी त्यातला एक दगड पळवला होता. कळप पुढं गेलेला आहे, आई हाका मारते आहे, आणि तुम्ही मला मनगटाला धरून अर्धा कोस माघारी नेता, तो दगड माझ्या हातांनी जागेवर ठेवायला लावता. "आपलं घर न्हाई म्हून काय झालं? मागनं येणाऱ्याची चूल हाय ती," तुम्ही म्हणता.

यंदा मार्गशीर्षात मी तिथं असताना कोकणात उतरणारा एक कळप आला. पुढं एक म्हातारा, मागं घोड्यावर बिऱ्हाड, आणि त्याच्याबरोबर चालणारी एक बाई, आईच्या वयाची. म्हातारा तारेपाशी थांबला आणि मागच्याला म्हणाला, "औंदा माळाला कडी लागली रं गड्या." बाई पुढं आली. "आवं बाई, हितं आमचा दोन रातीचा मुक्काम असतुया. म्होरं खिंडीपतुर पाणी न्हाई."

मी म्हणाले, "जमीन मी विकत घेतली आहे. झाडं लावलीत."

"घेतली आसंल की. झाडं बी झ्याक हायती. पर मेंढरास्नी वाचाय येत न्हाई, त्यास्नी काय सांगू?" ती हसली. "आवं, खाली बागाईतदार पायलीभर ज्वारी देऊन आमची मेंढरं रानात बसवून घेत्यात. तुमास्नी खत फुकाट देतो, वर पान्याचं उपकार!"

मला हसू आलं नाही. रोपं अजून गुडघ्याएवढीही नाहीत, असं मी म्हणाले. तिनं तारेवरून ऐनाच्या बुंध्याकडं, चुलीच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, आणि मग कसलाही राग न धरता विचारलं, "तुमी कुठल्या, बाई?"

"सांगलीची," मी म्हणाले.

"व्हय व्हय. चला रं," ती म्हणाली. ते घळीच्या अंगानं, तारेला वळसा घालून गेले. दोन कोकरं तिच्या खांद्यावर होती. झऱ्याच्या पाण्याचा वास आलेल्या मेंढ्या तारेशी थबकत होत्या आणि म्हातारा त्यांना काठीनं पुढं लोटत होता. मी हाक मारू शकले असते. त्यांच्या बोलीत हाक कशी मारायची ते मला येतं.

वसतिगृहातल्या मुली माझ्या घोंगडीच्या वासानं नाक दाबायच्या, तेव्हा मी ती ट्रंकेच्या तळाशी टाकली होती. तुम्ही ती मला थंडीसाठी मुद्दाम विणून घेतली होती. साधं राहायचं, मातीत राहायचं, असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि ते खोटं नव्हतं. पण मला माळ हवा होता, आबा, मेंढरं नको होती. हे मी आईला सांगितलेलं नाही. हे पत्रही तिला वाचून दाखवणार नाही.

गेल्या रविवारी मी झऱ्यापासून ऐनापर्यंतच्या पट्ट्याची तार काढली, अलीकडची आणि पलीकडची, कळप एका बाजूनं आत येऊन दुसरीकडनं निघेल एवढी. मधली रोपं उपटून खोलीमागं लावली. दिवस लावणीचे नव्हते, बऱ्याच रोपांनी माना टाकल्या आहेत. परतीला तो कळप याच बाजूनं येईल की नाही, मला ठाऊक नाही. तार गुंडाळून खालच्या वाडीत देऊन टाकली. पुन्हा ओढावीशी वाटली, तरी ती आता माझ्यापाशी नाही.