छापखान्यात एक वाजला

२० फेब्रुवारी

ती. दादास,
ठमीचा सा. न. वि. वि.

हे पत्र घाईने लिहिते आहे, कारण वहिनीच्या चिठ्ठीवरून कळलं की तू माझ्यासाठी एक ओव्हन गाडीत चढवायच्या बेतात आहेस. तो उतरव.

सगळं नीट सांगते. आमच्या छापखान्यात पुस्तकं शिवायचं यंत्र येतंय. म्हणजे बाइंडिंगच्या टेबलावरचे आम्ही सगळे मार्चअखेर घरी. पण कँटीनचे म्हातारे आचारी आता काम सोडणार आहेत आणि त्यांच्या जागेसाठी मी अर्ज टाकलाय. दुसरा अर्ज हॉटेलातल्या एका आचाऱ्याचा. तो उंच पांढरी टोपी घालूनच मुलाखतीला आला, तेव्हापासून त्याचं नाव टोपीवाला. मालकीणबाईंनी ठरवलंय की चौदा मार्चला दोघांनी आपापलं जेवण करायचं. ज्याचं भांडं आधी रिकामं होईल त्याची जागा. तो ओव्हनमध्ये कोंबडी भाजणार. मी माझ्या मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये मटण, गाजर आणि बटाटे लावणार.

ही जागा गेली तर या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, हे तुला सांगायला नको. म्हणून धीर दे, उपदेश नको. तो तू करशीलच, तरी आपलं सांगून ठेवते. वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठमी

३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल.

उपदेश नको हे वाचलं. आता ऐक. हातगाडीवर मोडके ओव्हन गोळा करण्यापासून मी सुरुवात केली आणि आज निम्म्या बेकऱ्या माझ्या दारात उभ्या असतात, कारण मला आवाजावरून ओव्हनचं दुखणं कळतं. ओव्हन बोलतो. पंखा घरघरतो, पत्रा कुरकुरतो, चरबी चुरचुरते. तुझा स्लो कुकर म्हणजे मान खाली घालून बसलेला कारकून. दिवसभर गरम, पण काम झालं की नाही, कळायला मार्ग नाही.

तरी अन्याय नको म्हणून शेजारच्या मास्तरांचा कुकर मागून आणला आणि काल मटण लावलं. दुपार झाली तरी आतून चकार शब्द नाही. म्हणून झाकण उचलून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग पाहतच राहिलो. रात्री ते मटण आमच्या दातांशी कुस्ती खेळलं. तुझी वहिनी म्हणाली की भांड्याचा काही दोष नाही, गप्प बसून काम करणारं कोणी तुम्हाला बघवत नाही.

अजून विचार कर. जागा तुझी जाईल, माझं काय जातंय. पण झोप माझी उडाली आहे. कळव.

तुझा,
दादा

७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाइंडिंगच्या टेबलावर वाचलं आणि हसताना सुईने बोट टोचलं. अरे, झाकण उचललं की आतली सगळी वाफ जाते आणि भांड्याला पहिल्यापासून तापावं लागतं. तू त्याला दिवसभर पहिल्यापासूनच सुरू करायला लावलंस. झाकण काचेचं केलंय ते तुझ्यासारख्यांसाठीच.

आता एक काम कर. इथल्या कँटीनच्या ओव्हनचं दार नीट बसत नाही. चौदाला सकाळी ये आणि ते दुरुस्त करून दे. खराब ओव्हनमुळे मी जिंकले असं कोणी म्हणायला नको. हातचं राखू नकोस, तुला माझी शपथ. वहिनीने दिलेली चटणी संपली आहे, हे तिला आपोआप कळेल असं काहीतरी कर.

तुझी,
ठमी

१५ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

काल गाडी पकडायच्या गडबडीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू वाढायच्या खिडकीत होतीस, हॉलमधलं तुझ्या कानावर आलं नसणार. माझे कान तिथेच होते.

आधी खरं सांगतो. ओव्हन मी असा लावून दिला होता की मलाच त्याचा अभिमान वाटला. एक वाजता कोंबडी निघाली ती तांब्यासारखी चकाकत. तू संपलीस, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात फोरमन सांगत आला की मोठ्या यंत्रावर निळा रंग सरकतोय, बाकीच्या रंगांशी जुळेपर्यंत कोणी हलणार नाही. टोपीवाल्याने कोंबडी परत आत ठेवली, आच कमी केली, मग बंद केली, मग पुन्हा लावली. माझा जीव तुटत होता. तू मात्र स्टुलावर बसून चाकूला धार लावत होतीस.

माणसं आली तेव्हा अडीच वाजले होते. तुझ्याच टेबलावरची एक बाई कोंबडी चावता चावता शेजारणीला म्हणाली की हिचा पुठ्ठा छान होईल, वर कापड चिकटवायचं बाकी आहे. शाईच्या हातांचा यंत्रवाला म्हणाला की उशीर झालेल्या दिवशी वाफ निघणारं ताट त्याने इथे पहिल्यांदा पाहिलं. घरून डबा आणणाऱ्या हिशेबनिसांनी डबा गुपचूप बंद केला आणि ते तुझ्या रांगेत उभे राहिले. तुमचे मुद्रितशोधक, ज्यांना म्हणे कशातही चूक सापडते, ते म्हणाले की एका ताटात सापडली नाही, आणि शोधायला दुसरं घेऊन आले. तळाचं शेवटचं मटण टोपीवाल्यानेच खाल्लं. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा त्याने टोपी काढली आणि सांगितलं की आता काय विचारता.

निळा रंग नेमका कालच सरकला, तुझं नशीब जोरावर. बाकी, मी दुकानासाठी स्लो कुकर मागवले आहेत. बहिणीचं कौतुक वेगळं, धंदा वेगळा. लोभ मंद आचेवर का होईना, कायम ठेव.

तुझा,
दादा

१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज कँटीनची किल्ली माझ्या कमरेला आहे. वहिनीला आधी हे वाचून दाखव.

आणि नशिबाचं म्हणशील तर, रंग इथे कधीही सरकतो. कधी कागद चिकटतो, कधी शाई फुटते. सुरू केलेली छपाई मध्येच सोडता येत नाही, म्हणून एकचं जेवण कधी दोनला, कधी तीनला. इतकी वर्षं बाइंडिंगच्या टेबलावर बसून मी ते वाळलेलं अन्न चावलंय. टोपीवाल्याने चांगलं काय लागतं त्याचा विचार केला, मी कोणतं भांडं वाट पाहू शकतं त्याचा केला. माणूस मोठ्या मनाचा आहे. काल येऊन त्याने मला त्याची सूप करायची पद्धत शिकवली.

सकाळी फोरमन दारात आला आणि जरा ओशाळून म्हणाला की आजही मोठं काम आहे, एकला जमेलसं दिसत नाही, तर जेवणाचं कसं करायचं. मी त्याला सांगितलं की घाई करू नका, यापुढे तुमचं यंत्र थांबेल तेव्हा आपल्याकडे एक वाजेल.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
ठमी