व्हिनेगरची जुनी बरणी

ताई,

ओट्यावरची लाल फीत बांधलेली नवी बरणी ही तुझी नाताळची भेट. खूश होऊ नकोस, आधी पुढे वाच.

तुला स्वयंपाकाचं एवढं वेड, म्हणून म्हटलं, टवका उडालेली जुनी बरणी बदलून टाकू. आतल्या व्हिनेगरवर जाड, बुळबुळीत साय धरली होती. मला वाटलं नासलं. सगळं मोरीत ओतलं आणि बरणी साबणाने घासली. शेजारच्या पुरिंग काकू बघून किंचाळल्याच, "अरे मेल्या, ते विरजण होतं! तुझी आई वीस वर्षं त्यातच ताडी घालून व्हिनेगर करायची!"

आई गेल्यापासून तू त्या बरणीला कुणाला हात का लावू देत नव्हतीस, ते आत्ता कळलं.

मी लोबोकला चाललोय, सेनिया मावशीकडे. आईने तिला त्यातलं थोडं विरजण दिलं होतं. तिचं नाव काढलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. पण आईच्या हातचं आता तिच्याच घरी उरलंय.

मावशी फोनवर म्हणाली, "देते, पण ते घेऊन मीच येणार."

उद्या नाताळच्या जेवणाला तीन ताटं मांड.

रोडेल