अंड्याऐवजी लिंबू

भाऊसाहेब,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणूनच लिहितो आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. मला इंग्रजी तुम्ही शिकवलंत, कर्जतच्या सरकारी बियाण्याच्या गोदामात तुमच्या हाताखाली चिकटवलंतही तुम्हीच. ते उपकार विसरलेलो नाही. पण नंतर जे केलंत तेही विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लक्षात आहे.

लढाईचे दिवस होते, तांदूळ मिळेनासा झाला होता. वरून हुकूम आला, आहे त्याच जमिनीत जास्त भात काढून दाखवा. जपानी शेतकऱ्यांच्या पद्धतीवरचं एक जुनं इंग्रजी पत्रक तुमच्या हाती लागलं. "लढाई जपानशी असेल, भाताशी नाही," म्हणालात आणि माझ्याकडून ते मराठीत करून घेतलंत. रीत सोपी होती. ताजं अंडं तरंगेपर्यंत पाण्यात मीठ घालायचं. मग त्यात भात टाकलं की पोचट, अर्धवट भरलेले दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. भरीव दाणाच उरतो, म्हणून बियाणं निम्मंच पुरतं.

मी दहिवलीहून घरच्या कोंबडीचं अंडं रुमालात बांधून आणलं आहे. तुम्ही दारातच अडवता. "सरकारी गोदाम बाटवायला निघालास? फेक ते बाहेर!" सगळे हमाल बघताहेत. मग तुम्ही घरून लिंबू मागवता. अंड्याएवढंच तर आहे, म्हणता. चार मुठी मीठ पडतं, लिंबू तरंगतं, तुम्ही खूश. अंडं मी रस्त्यापलीकडे टाकून येतो तेव्हा माझे कान तापलेले असतात.

तेवढ्याशा मिठाने काय होणार? अर्धवट भरलेले दाणे चांगल्यांबरोबर तळाशीच राहिले आणि ते बियाणं आपण पोशीर गावात वाटलं. निम्मंच पेरा, असं घरोघरी मीच सांगितलं. रोपं विरळ आली. लावणीच्या वेळी एक बाई चिखलाच्या पायांनी थेट गोदामात आली. "तूच म्हणालास ना रं, निम्मं पेरलं तरी पुरंल? आता रोपंच नायत. अर्ध्या शेतात आमी लावू काय?" तुम्ही माझ्या मागेच उभे होतात. चौकशीत लिहून दिलंत की भाषांतरात चूक झाली. लिंबाचं नावही काढलं नाहीत. मला खालापूरला फेकलं आणि बढती वर्षानुवर्षं अडली.

पण तुम्ही निवृत्त झालात आणि शेवटी तुमची खुर्ची मलाच मिळाली. पहिल्याच दिवशी तुमच्या टेबलावर अंड्यांची टोपली ठेवली. तुम्ही गेल्यावर तुमचा मुलगा गोदामात तुमची तसबीर लावा म्हणून आला, त्याला वाटेला लावलं. मजा आली. अजूनही येते.

लिंबू साध्या पाण्यातही तरंगतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. आई लोणच्याची लिंबं धुवायची, तेव्हा ती सगळी पाण्यावरच असायची. तरी मी गप्प राहिलो. तुम्ही चांगले तोंडघशी पडावं असं वाटत होतं. तुम्ही पडलाच नाहीत, पडली ती पोशीरची बाई.

हे पत्र तुमच्या मुलाच्या हाती द्यायचं, असं ठरवून लिहायला बसलो होतो. आता देणार नाही. तो शेवटपर्यंत वाचेल याची भीती वाटते.