इर्मामावशीला तिच्याच निधनाची खबर

प्रिय इर्मामावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. ‘इकडे’ म्हणजे तुझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, हे तुला सांगायला नको. चालत निघाले असते तर हे पत्र लिहून होण्याआधी पोचले असते. तरीही पत्रच लिहिते आहे, यावरून लाजेने माझी काय अवस्था झाली असेल ते ओळख. तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं असं औषधांच्या दुकानात कळलं. (मी विचारलं नव्हतं. रांगेत पुढच्या दोघी बोलत होत्या, मी फक्त जरा पुढे झुकले.) ड्वेनची पाठ आता बरी आहे. तो तुला सलाम सांगतो. त्याचं तुझ्याशी भांडण नाही, हे तो मला दर रविवारी गाडीत ऐकवतो.

आता मुख्य बातमी. मावशी, तू वारलीस. गेल्या फेब्रुवारीत, होंडुरासमधल्या एका डोंगरावरच्या गावात, मी तुला मारलं. तुला त्रास फारसा झाला नाही, झोपेतच गेलीस.

झालं असं, की आपल्या चर्चची मिशन ट्रिप घेऊन मी तिकडे गेले होते. पाण्याची पाइपलाइन टाकायची होती. मी सेवाकार्य कमिटीची अध्यक्ष, त्यामुळे सगळ्यांसाठी निळे टी-शर्ट मीच करून घेतले होते, पाठीवर ‘सेवा करण्यासाठी’ असं मोठ्या अक्षरांत. दुसऱ्याच दिवशी माझं पोट बिघडलं. बाकीची मंडळी कुदळी घेऊन डोंगर चढली आणि सेवा करायला आलेली मी गावातल्या बायकांच्या ताब्यात, पेजेवर. दुपारी त्या बायकांची प्रार्थनासभा भरली. तिथली पद्धत अशी, की प्रत्येकीने उभं राहून साक्ष द्यायची, देवाने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगायचं. एकीचा नवरा दारू पिऊन कोयता घेऊन मागे लागायचा, तो आता चर्चमध्ये गिटार वाजवतो. एकीचं घर पुरात गेलं होतं, घरातली दोन माणसं गेली होती. आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मावशी, आपण मिनेसोटातली लूथरन माणसं. आपल्यात कोणी उभं राहून मन मोकळं करत नाही, फार तर हवामान सांगतो. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलंय तरी काय? संडे स्कूल, मग ड्वेनशी लग्न. (ड्वेनला आजवर पार्किंगचा दंडसुद्धा झालेला नाही.) मी म्हाताऱ्या लोकांच्या अंगणातली पानं गोळा करण्याबद्दल बोलायला लागले. विल्मर मास्तर, म्हणजे तिथल्या शाळेचे शिक्षक, भाषांतर करत होते. बायका माना डोलावत होत्या, पण पोरांनी पियानो बडवल्यावर आपण डोलावतो ना, तशा. मला ते सहन झालं नाही. मग मी तुझ्यावर आले.

सुरुवातीला सगळं खरं सांगितलं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायचीस की भुवया वर जायच्या, ते सगळं. मग चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराच्या किल्लीवरून झालेलं भांडण सांगितलं. तू म्हणशील मी किल्ली हिसकावली. मी हिसकावली नाही, मी फक्त हात पुढे केला. पण ज्या बाईने आयुष्यभर गावातल्या प्रत्येक मयतीचं जेवण रांधलं, तिच्यापुढे, सगळ्या बायकांच्या देखत, “मावशी, आता तू बस, आम्ही बघतो,” असं म्हणून हात पुढे करणं हे हिसकावण्याहून वाईट, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तू किल्ली माझ्या हातावर ठेवली नाहीस. बटाट्याच्या सॅलडमध्ये खोल खुपसलीस आणि निघून गेलीस. (ती शेवटी पास्टर क्रेगच्या वाढणीत आली. तो तेव्हा नवीन होता, त्याला वाटलं ही आपल्याकडची काही रीत असेल.)

इथे मी थांबायला हवं होतं. पण डोन्या फिदेलिना नावाच्या एका बाईने (डोन्या हे तिकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात) विचारलं, “मग माफी मागायला गेलीस का?” नाही गेले, ती चार गल्ल्यांवर राहते आणि तिची गाडी दिसली की मी रस्ता बदलते, हे सांगायला जीभ उचलेना. म्हणून म्हटलं, जाणारच होते, पण त्याआधी ती वारली.

मावशी, माफी मागायला जाण्यापेक्षा तुला मारणं मला सोपं वाटलं. हे वाक्य मी चारदा खोडून पुन्हा लिहिलं, याहून बरं रूप त्याला येत नाही.

आणि मग मी रडले. खोटं नाही, हुंदके देऊन. तू खरंच गेलीस आणि सगळं तसंच राहून गेलं, असं मला त्या घटकेला वाटलं. सगळ्या बायका रडल्या. फिदेलिनाने मला पोटाशी धरलं आणि जाहीर केलं, की या लेकीच्या मनाला शांती मिळेपर्यंत मी दर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उपास करीन. मला वाटलं ही बोलायची पद्धत असेल. आपण नाही का ‘तुझ्यासाठी प्रार्थना करते हं’ म्हणतो आणि पार्किंगकडे चालू लागतो.

नंतर पास्टर क्रेगच्या डोक्यात आलं, की नेहमी आपणच का जायचं, यंदा त्यांनी येऊन आपली सेवा करावी. कमिटीने टाळ्या वाजवल्या. पण आपल्याला मदत कशाची हवी आहे हे काही कोणाला आठवेना. आपल्या चर्चमधल्या सेल्मरच्या छपरातून स्वयंपाकघरात पाणी गळतं, तरी तो म्हणाला, माझ्यापेक्षा गरजू कोणी असेल तर बघा. शेवटी पाहुण्यांना चर्चचा हॉल रंगवायला दिला, जो आम्ही गेल्याच वर्षी रंगवला होता. त्यांनी एका दिवसात रंगवून टाकला (आमचे ओघळ आधी घासून काढले) आणि विचारलं, आता पुढचं काय?

डोन्या फिदेलिना उतरली आहे माझ्याकडे. विमानतळावर ती बाहेर आली. तिच्या हातात कागदी फुलांचं मोठं चक्र होतं, मेणात बुडवलेल्या फुलांचं. सगळ्या प्रवासात ते मांडीवर धरून आणलं होतं. कोणासाठी? तुझ्या थडग्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी व्हायच्या आत ती बूट घालून दारात उभी, भाषांतरासाठी पाहुण्यांबरोबर आलेले विल्मर मास्तर तिच्या शेजारी. मी दफनभूमीत गाडी शक्य तितकी हळू नेली, पण आपलं गाव केवढं, किती वेळ लावणार? आत गेल्यावर मी घाबरून समोरच्या पहिल्या एकट्या दगडाकडे बोट दाखवलं. (तुझं नाव मी तिकडे सांगितलं नव्हतं, नुसतं ‘मावशी’ म्हटलं होतं.) मावशी, तो ग्लॅडिस टॉफ्टेचा निघाला.

मला माहीत आहे. जिल्ह्याच्या जत्रेत तुझ्या रुबार्बच्या गोड पायला मिळायची ती पहिल्या बक्षिसाची निळी फीत जिने घेतली आणि जिच्याशी तू मरेपर्यंत (तिच्या) बोलली नाहीस, तीच ग्लॅडिस. फिदेलिनाने नखांनी शेवाळ खरवडलं, बाटलीतल्या पाण्याने दगड धुतला, चक्र ठेवलं आणि ग्लॅडिसला सांगितलं, की तुझी भाची तुझ्यावर फार माया करते. मग मला पुढे ढकललं. मी दगडावर हात ठेवून म्हटलं, “ग्लॅडिस, मला माफ कर.” त्या सकाळी माझ्या तोंडून निघालेली तेवढीच खरी गोष्ट.

गुरुवारी पास्टर क्रेगने पाहुण्यांना म्हाताऱ्या माणसांच्या घरची कामं वाटून दिली. तू दोन वर्षं चर्चची पायरी चढली नाहीस, तरी त्याच्या लेखी तू अजून आपल्याच मंडळीतली. त्याने फिदेलिनाला आणि विल्मर मास्तरांना तुझ्याकडे पाठवलं. मला कळलं तेव्हा ते निघून गेले होते. मी उरलेला दिवस चर्चच्या अडगळीच्या खोलीत काढला, नाताळच्या नाटकातल्या गाढवाच्या पोशाखाशेजारी.

संध्याकाळी ती परतली ती तुझ्या बीटाच्या लोणच्याची बरणी घेऊन, खुशीत. एकटीच म्हातारी आहे म्हणाली, छपराच्या पन्हळी साफ केल्या, खिडक्या पुसल्या, म्हातारी खाली उभी राहून सारखी ओरडत होती, फार आवडली मला. मी विचारलं, तिला नातेवाईक कोणी? विल्मर मास्तर म्हणाले, “एक भाची होती म्हणे. वारली.”

मावशी! मला रागवायचा काडीचा हक्क नाही, तरी मी काटा ताटात आपटला. मी विचारलं, “कशाने गेली?”

“शिष्टपणाने, असं म्हातारी म्हणाली.”

ड्वेनने तोंडाला रुमाल लावला आणि तो काढायचं नाव घेईना. फिदेलिना शांतपणे जेवत होती. मग ती विल्मर मास्तरांना काहीतरी म्हणाली आणि ते बिचारे खाली बघत भाषांतर करू लागले. “म्हातारीच्या फ्रिजवर त्या भाचीचा लग्नातला फोटो आहे. भाचीचं नाक तुझ्यासारखं आहे. नवऱ्याचे कान ह्याच्यासारखे आहेत.” (ड्वेनचे कान लाल झाले, म्हणजे आणखीच दिसू लागले.) फिदेलिनाने माझ्या ताटात तुझं बीट वाढलं आणि म्हणाली, “दोघीही मेलेल्या, आणि दोघींच्याही तब्येती छान. देवाची कृपा.”

मला वाटलं आता ती सामान बांधेल. तेही बरं झालं असतं. पण काल सकाळी मी पॅनकेक केले, तर तिने ताट बाजूला सारलं. शुक्रवार होता. म्हणजे फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी तिने खरोखरच काही खाल्लं नव्हतं. शेतावर जायची, पाणी वाहायची, आणि माझ्यासाठी उपाशी राहायची, आणि मी इथे शुक्रवारी ड्वेनबरोबर तळलेले मासे खायला जात होते. मी तिचा हात धरला, म्हटलं, सगळं खोटं होतं हे कळलंय ना तुला, आता तरी खा. ती हसली. म्हणाली, “तेव्हा तू दुःखात होतीस, म्हणून उपास धरला. आता कळलं की खोटारडी पण आहेस. म्हणजे काम वाढलं.” माझा गाल थोपटला आणि सेल्मरचं छप्पर दुरुस्त करायला निघून गेली, ऑगस्टच्या उन्हात, रिकाम्या पोटी. मी पॅनकेकसमोर बसून राहिले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

उद्या रविवारी चर्चमध्ये पाहुण्यांसाठी प्रीतिभोजन आहे. फिदेलिनाने तुला बोलावलंय आणि तू हो म्हणालीस असं कळतं. ती तुला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवणार आहे. स्वतः एक शब्द बोलणार नाही म्हणते, बोलायचं ते मी. वर पास्टर क्रेगने जेवणाआधी सगळ्यांसमोर मिशनबद्दल दोन शब्द मलाच बोलायला सांगितले आहेत. तेव्हा मावशी, किल्लीबद्दल, फेब्रुवारीबद्दल, आणि विशेष करून ग्लॅडिसबद्दल, मला माफ कर.

प्रभूमध्ये झोपी गेलेली तुझी भाची,
मार्डेल

ता. क. एक विचारू? तुला उद्या थोडा सर्दी-खोकला होईल का? फार नको, जेवणापुरता. तू आलीस की सगळं चर्चसमोर येणार, आणि मी अध्यक्ष आहे गं. पाहुणे मंगळवारी जातील. बुधवारी मी नक्की येते तुझ्याकडे.

ता. क. दुसरा. ड्वेनने पत्र वाचलं. म्हणाला, “आधी मारलीस, आता नुसती आजारी पाडते आहेस. सुधारणा आहे.” वरचा ता. क. वाचू नकोस. नीट खोडता येत नाही, पेन पसरतंय. तू ये. बटाट्याचं सॅलड घेऊन ये. मी उभी राहून सगळं सांगेन, टी-शर्ट घालून सांगेन.

ता. क. तिसरा. टपालाने सोमवारी पोचलं असतं, म्हणून स्वतःच तुझ्या दारच्या पेटीत टाकायला आले आहे. टाकलं नाही. बराच वेळ तुझ्या घरासमोर गाडीत बसले आहे आणि मांडीवर कागद धरून हे लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. तुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी दिसले. आता तू बाहेर आलीस. कमरेवर हात. बारीक झालीस गं मावशी. काहीतरी ओरडते आहेस, काच खाली करते.

“मार्डेल, माझ्या झेंडूंवरून चाक काढ!”

दोन वर्षांत तू मला बोललेलं हे पहिलंच. मेलेल्या माणसाला कोणी चाक काढायला सांगत नाही. काढते आणि उतरते. पत्र तुझ्या हातात देणार नाही, तोंडानेच सांगते.