शब्दकोशाखालचं कार्ड

चिमणे,

कामावर निघालोय. जेवण फ्रीजमध्ये आहे. दूध नासलं होतं, ओतून दिलं.

आज टेबल पुसताना तो धटिंगण शब्दकोश उचलला. आई गेल्यापासून त्याला कुणी हलवलंच नव्हतं. खाली तुझ्या वाढदिवसाचं कार्ड निघालं. दवाखान्यात जायच्या आधी तिने दाबून ठेवलं असणार. कागदी फुलं पक्की चिकटलीत. आत कोरं आहे. डिंक पुरता वाळल्याशिवाय ती आत एक अक्षर लिहायची नाही, तुला माहीतच आहे.

तिचं पेन घेऊन मी लिहायला बसलो होतो. नाही जमलं.

परत शब्दकोशाखाली ठेवलंय. बघावंसं वाटलं तर बघ, पण पुन्हा तसंच दाबून ठेव. अजून वाळायचंय, असं धरून चालू.

बाबा